सूप उरतं, पाणी संपतं

३ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार. कंबर वाकते तेवढाच खरा, उरलेला मनाने केला आहे असं समज.

तुझं कार्ड मिळालं. त्यातला एकूण मजकूर असा : 'लॉन्ड्रीवाल्याची जुनी गाडी मिळाली आहे. सोमवारपासून तिच्यातून सूप घेऊन उपाशी माणसांकडे जाणार. प्रकृती जप.' जुन्या सूत्रकारांना हेवा वाटावा असं लेखन आहे. पण सूत्राला भाष्य लागतं, आणि ते तुझ्याकडेच अडकलं आहे. फोन केला तर तू 'हं' आणि 'ठेवते' या दोन शब्दांवर भागवतेस, म्हणून लिहून विचारतो. गाडी कोण चालवणार? तू सायकलवरून शेवटची पडलीस तेव्हा मी चौथीत होतो. उपाशी माणसं कुठली? आणि लॉन्ड्रीवाला एवढा उदार कधी झाला? माझ्या कोटाची एक बाही त्याच्याकडेच राहिली आहे.

सूप कोण करणार, हे मात्र विचारत नाही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई दुसऱ्याच्या हातात पळी देणार नाही, एवढं मला कळतं.

ही शेजारी बसून वाचते आहे. म्हणते, थट्टा पुरे. त्या मोठ्या तापानंतर ताई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या, निवृत्त झाल्यावर तर खिडकीही उघडत नव्हत्या. आता उठल्या आहेत तर उठू द्या. मी म्हटलं, मी कुठे बसवतोय? फक्त वाहनपरवाना विचारतोय.

तुझा धाकटा

१२ नोव्हेंबर

शास्त्रीबुवांस आशीर्वाद,

तुझं पत्र म्हणजे प्रश्नपत्रिका असते. उत्तरं क्रमाने देत नाही, जमतील तशी देते.

गाडी शिंपीदादा चालवतात. त्यांची नजर चांगली आहे, सुईत दोरा अजून एका दमात जातो. लॉन्ड्रीवाला उदार वगैरे झालेला नाही. गाडी भंगारात काढायची होती, मी म्हटलं आधी मला दे. हिवाळा संपेपर्यंत दिली आहे. रोज वापरात राहिली तर माझी, नुसती उभी राहिली तर भंगारवाल्याची, असं ठरलं. तुझी बाही त्याला आठवत नाही.

बाजारामागे मैदान आहे, तिथे हमाल, फेरीवाले, हातावर पोट असलेली माणसं कामाची वाट बघत बसतात. काम मिळालं तर जेवण, नाही तर बिडी. इस्पितळात असताना मी त्यांच्यातल्या कित्येकांना खाटेवर बघितलंय. कागदावर काहीही आजार लिहिलेला असो, दोन दिवस पोटभर जेवले की उठून घरी जायचे.

दुसरी मदतनीस हेडबाई. मुलींच्या शाळेच्या होत्या, त्याही निवृत्त. रांग लावणं त्यांच्याकडे. उंचीप्रमाणे लावतात.

पहिल्या दिवशी फजिती झाली. गाडीवर 'डाग राहणार नाही' असं लिहिलेलं आहे, वरून रंग दिला तरी वाचता येतं. पहिल्या माणसाने कोट काढून दिला. दुसऱ्याने चादर. एका बाईने घरी जाऊन पडदा आणला. हेडबाईंनी तिला पावतीसुद्धा दिली. पडदा मी घरी आणून धुतला, काय करणार.

सूप मात्र नीट झालं होतं. गाजर, बटाटा, कांदा, वाटाणे. रंग उन्हासारखा, पळी उभी राहील असा दाट, आणि वाफ गाडीच्या छताला लागत होती. बरेच जण आले. बरेच जण अर्धं ठेवून गेले. पहिला दिवस, बघू.

ताई

२१ नोव्हेंबर

ताई,

हा नमस्कार बसल्या जागेवरून, कारण काल पुस्तकांचं कपाट सरकवलं आणि आता मी सरकत नाही.

भाष्य वाचून तृप्त झालो. पावतीचा प्रसंग वर्गात सांगितला. मुलं हसली, म्हणजे त्यांना काहीतरी कळलं. माझ्या विषयात हे रोज घडत नाही.

लोक अर्धं ठेवून का गेले यावर मी विचार केला आहे आणि निर्णयाला आलो आहे : हेडबाई. अगं, भुकेल्या माणसाला उंचीप्रमाणे उभं केलं तर बुटक्याने आधीच कमी का मिळालं म्हणून विचार करत बसायचं का? नवरसांपैकी त्या एका रसाच्या अधिष्ठात्री आहेत, आणि तो शांत नव्हे. पाहुण्याला पाहुण्यासारखं वागव. या, बसा म्हण, प्रवासाचं विचार, मग वाडगा दे. अतिथी शब्दावर मी तुला चाळीस मिनिटं बोलून दाखवू शकतो. ही म्हणते, ताईंचं सूप तेवढ्यात निवेल.

गाडीला नाव हवं. 'डाग राहणार नाही' या घोषणेखाली अन्नदान शोभत नाही. 'अन्नरथ', 'क्षुधाहारिणी', 'पाथेय' ही मला सुचलेली. 'क्षुधाहारिणी' मला विशेष आवडलं आहे. रंगाऱ्याकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे.

तुझा धाकटा

३ डिसेंबर

शास्त्रीबुवांस,

क्षुधाहारिणी रंगाऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, औषध आहे का. नाव ठेवणार नाही. आपल्या घरात तुझं नाव बाबांनी कौतुकाने ठेवलं होतं, ते शाळेपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

उंचीची रांग बंद केली. हेडबाई आता 'या, बसा' म्हणतात. त्यांच्या आवाजात ते ऐकून दोघं जण उठूनच उभे राहिले.

पण खरं सांगायचं तर जमत नाहीये. माणसं येतात, एकदा खातात, दुसऱ्या दिवशी लांब जाऊन बसतात. पोट रिकामं असलेला माणूस मला म्हणतो, आत्ताच जेवलो मावशी. तोंडावरून कळतं की सकाळपासून पाणीच आहे पोटात. आणि ते पाणी आमच्याच पिंपातलं. सूप उरतं, पाणी संपतं, रोज हेच. वाऱ्यामुळे असेल म्हणून गाडी आडोशाला लावली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावून बघितली. काल भांडं जवळजवळ भरलेलंच परत आलं. शिंपीदादा परतताना मुद्दाम गल्लीतल्या खड्ड्यांवरून गाडी नेतात, म्हणजे थोडं सांडतं आणि कमी उरल्यासारखं दिसतं. त्यांना वाटतं मला कळत नाही.

हेडबाईंना रोज विचारते, कसं झालंय. त्या डोळे मिटतात आणि 'उत्तम' म्हणतात. शिंपीदादा म्हणतात, मी घरून खाऊन येतो.

लॉन्ड्रीवाला परवा विचारून गेला, मावशी, चालवणार आहात ना, का सांगू भंगारवाल्याला. म्हटलं, या आठवड्यात सांगते. बहुतेक चावी परत देईन. घरी पडायला भिंत आहेच.

एक विचारायचं होतं. ताज्या पावाचा वास येतो तेव्हा नेमकं काय होतं, तुझ्या पुस्तकांत कुठे लिहिलंय का? उगीच आपलं.

ताई

९ डिसेंबर

ताई,

चावी अजून दिली नसशील तर देऊ नकोस. हे पत्र आधी वाच.

तुझी गेल्या महिन्याभरातली सगळी पत्रं काल टेबलावर पसरून बसलो. सवय वाईट आहे. टीकाग्रंथांत वाढलेला माणूस, पानावर काय आहे यापेक्षा काय गाळलंय ते आधी दिसतं. तू मला होस्टेलवर लिहायचीस ती पत्रं आठवली. आमटी कशी झाली हे तू अशी लिहायचीस की मी मेसचं ताट बाजूला सारून तुझं पत्र चाटत बसावं. आंबट किती, तिखट किती, शेवटी जिभेवर काय राहतं, सगळं. षड्रस मी वर्गात शिकण्याआधी तुझ्या अंतर्देशीय पत्रांत शिकलो.

या पत्रांत सुपाचा रंग आहे. दाटपणा आहे. वाफ छताला लागते आहे. चव कुठेच नाही. ती तू हेडबाईंना विचारतेस, ज्यांना तू एरवी लिंबू पिळायलाही उभं केलं नसतंस. आणि मला, ज्याला चहा उकळला की करपला हे समजत नाही, त्या मला तू पावाच्या वासाचं विचारतेस.

त्या तापानंतर तुला चव लागते का गं?

हिने हे पत्र वाचलं आणि स्वतःच पाकिटात घालून चिकटवलं.

तुझा धाकटा

१६ डिसेंबर

तू संस्कृत शिकव. मिठाचं मी बघते.

ताई

२१ डिसेंबर

ताई,

कार्ड मिळालं. मी पुन्हा तपासलं. माझ्या पत्रात मीठ हा शब्द नाही. तो तू आणलास.

आता पुढचं विचारत नाही. एवढंच सांग, चावी कुणाकडे आहे?

तुझा धाकटा

७ जानेवारी

शास्त्रीबुवांस,

चावी माझ्याकडेच आहे. वाचायला बस, हे लांबणार आहे.

होय. ताप उतरला तेव्हापासून जिभेवर काही नाही. गरम कळतं, गार कळतं, बाकी सगळं ओला कागद चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले येईल, कधी ते सांगता येत नाही. मी कोणाला बोलले नाही. इस्पितळात आयुष्यभर एका चमच्याच्या चवीवर वॉर्डाचं वॉर्ड जेवू घातलं, आणि आता मला साखर आणि मीठ डब्यावरचं लिहिलेलं वाचून ओळखावं लागतं. काय सांगायचं? सुताराने सांगावं का, की मला करवत दिसत नाही? वाटलं, हाताला सवय आहे, हात चुकणार नाही. हात चुकला. इस्पितळातल्या भांड्याचं मीठ मी या भांड्यात घालत होते, आणि हे भांडं त्याच्या अर्धंसुद्धा नाही. जीभ असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भयंकर चिडले होते. कार्ड लिहून पेटीत टाकलं आणि गाडीवर गेले, म्हटलं आजचा शेवटचा दिवस. रांग नव्हतीच. एक छत्र्या दुरुस्त करणारा आहे, तोंडाळ माणूस. त्याने एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, आम्ही गरीब आहोत, लोणचं नाही. आम्हाला एवढं मुरवताय कशाला?"

सगळं मैदान हसलं. हेडबाई त्याला ओरडायला पुढे झाल्या. मी त्यांना हाताने मागे केलं. का कुणास ठाऊक, थकले होते म्हणून असेल, मी पळी आपटली आणि म्हटलं, "मला चव लागत नाही रे. तापात गेली. जीभ तुझी चांगली चालते, तूच सांग किती घालू."

 त्याने वाडगा खाली ठेवला. मग उठला, गाडीजवळ आला, बाही वर केली जसं काही ऑपरेशन करायचंय, आणि म्हणाला, आधी पाणी घाला. घातलं. चाखलं. आणखी घाला. चाखलं. आता बटाटा कुस्करा. तेवढ्यात मागून टोपलीवाली आली, ती बाजारात भाजी वाहते, म्हणाली याला काय कळतंय, याची जीभ तंबाखूने मेलीय, मला द्या चमचा. मग दोघांची जुंपली.

तेव्हापासून रोज असं चालतं. मी सूप अळणीच नेते. मैदानात गेल्यावर मीठ. छत्रीवाल्याला आयुष्यात सगळं अळणी लागतं, टोपलीवालीला सगळं खारट. तो म्हणाला अळणी की चिमूटभर मीठ घालते. ती म्हणाली खारट की वाटीभर पाणी. दोघंही सारखीच नाराज झाली की समजायचं, झालं. मग वाढायचं. बाकीचे आता हे भांडण ऐकायला लवकर येऊन बसतात. 'आत्ताच जेवलो' म्हणणारा आता लांब बसत नाही, पुढे बसून पंचगिरी करतो. भांडं रिकामं परत येतं. शिंपीदादा नीट रस्त्याने गाडी आणतात.

हेडबाई रुसल्या होत्या. म्हणाल्या, मी 'उत्तम' तुमचं मन राखायला म्हणत होते. म्हटलं, मन राहिलं, भांडंही तसंच राहिलं. आता बोलतात.

लॉन्ड्रीवाल्याने गाडीचं अजून काही ठरवलेलं नाही. हिवाळा संपायचाय.

तू कधी येतोस? सुट्टी असेलच, तुम्हा लोकांना असते.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

घरी सुखरूप पोचलो. नमस्कार समोरासमोर झालाच आहे, त्याची नक्कल पाठवत नाही.

तुझ्याकडचे चार दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून लिहून काढतो. मी तयारीने आलो होतो. आगगाडीत बसल्यापासून मनात म्हणत होतो की ताईला आपल्या रक्ताची जीभ हवी. सूप चाखून तिला काय सांगायचं, त्याची वाक्यंही जुळवली होती. त्यांत 'किंचित' हा शब्द दोनदा होता. मैदानात तू झाकण उघडलंस तसा मी पुढे झालो. तेव्हा तुझ्या त्या छत्रीवाल्याने मला आडवा हात केला आणि विचारलं, "कोण हे?" तू म्हणालीस, भाऊ. तो म्हणाला, भाऊ असू दे, रांग मागे आहे.

मी तुझ्याकडे बघितलं. तू वाटाण्यांकडे बघितलंस.

रांगेत माझ्यापुढे जो माणूस होता त्याने मला समजावून सांगितलं, की मत द्यायचं असेल तर आधी निदान महिनाभर यावं लागतं, आणि तरीही सध्या जागा रिकामी नाही. मी त्याला विचारलं, छत्रीवाल्याला हा अधिकार दिला कुणी? तो म्हणाला, कुणी नाही, पण गेल्या आठवड्यात त्याला तीन छत्र्यांचं काम एकदम मिळालं, हॉटेलात जेवून आला, तरी मीठ बघायला धावत आला. पोट भरलेलं होतं, नुसतं चाखून गेला. मी आयुष्यभर विद्वत्सभांना जातोय. एवढ्या निष्ठेने कुणी हजर राहिलेलं बघितलं नाही, आणि तिथे तर चहाबरोबर बिस्कीट असतं.

वाडगा हातात आला तोवर माझी वाक्यं निवली होती. सूप चांगलं होतं, ताई. कुणीच विचारलं नाही, म्हणून आता सांगतो.

हेडबाईंनी मला पाव वाटायला लावलं आणि 'सरळ उभे राहा' म्हणाल्या. राहिलो.

लॉन्ड्रीवाल्याकडे गेलो होतो, माझ्या बाहीच्या निमित्ताने. तुझ्या गाडीविषयी काही बोलला नाही. पण त्याची इस्त्रीवाली दोन पोरं दुपारी दुकानात दिसली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या रांगेत दिसली. मी त्याला तसं विचारलं, तर म्हणाला, त्यांनाच तिकडचं आवडतं, मी काय करू. यावरून काय अनुमान काढायचं ते तू काढ. मी तर्कशास्त्रात पास झालो होतो, पण काठावर.

हिला सगळं सांगितलं. ती खूप हसली, मग विचारलं, ताई कशा दिसत होत्या. मी म्हटलं, ओरडत होती. ही म्हणाली, मग बरं आहे.

तुझा धाकटा

२४ फेब्रुवारी

शास्त्रीबुवांस आशीर्वाद,

हिवाळा संपला. परवा लॉन्ड्रीवाला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली. मी चावी काढून पुढे धरली. तो म्हणाला, राहू द्या, भंगाराला भाव नाही सध्या. मग दारात थांबून म्हणाला, ते डागाचं तेवढं जाऊ द्या गाडीवरचं, लोक अजून मला पडद्याचं विचारतात. रंग त्याच्याच पैशाने देणार आहे. तेव्हा तुझी क्षुधाहारिणी पुन्हा सुचवू नकोस.

आता एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. तुझ्या बायकोला सांगितलंस तरी चालेल, ती तोंड बंद ठेवते. तुझा भरवसा नाही.

काल मैदानात गाडी लावली, अंदाजाने थोडं मीठ घातलं, पळीने ढवळलं आणि सवयीने चमचा तोंडात घातला. इतके दिवस घालतेच आहे, मिळत काही नाही. काल जिभेच्या कडेला काहीतरी लागलं. आधी वाटलं, भाजलं. मग कळलं, मीठ आहे. मग गाजराचा गोडवा आला, अगदी मागून, लाजत. मी तशीच उभी राहिले. शिंपीदादांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, डोळ्यात वाफ गेली.

दुसरा चमचा घेतला. चव बरोबर होती. इस्पितळात माझ्या हातची असायची तशीच, ना कमी ना जास्त.

समोर दोघं येऊन उभी होती. छत्रीवाल्याने बाही वर केली होती. टोपलीवालीने त्याच्या हातातून चमचा ओढला. मागे सगळे सरसावून बसले होते.

मी विचारलं, "बघा रे, कसं झालंय?"

तो म्हणाला, अळणी. मी चिमूटभर मीठ घातलं. ती म्हणाली, खारट. मी वाटीभर पाणी घातलं. दोघं भांडली, पंचांनी दोघांनाही नावं ठेवली. शेवटी दोघंही सारखीच नाराज होऊन बाजूला झाली, तेव्हा मी पाठ वळवून हळूच पुन्हा चाखलं.

आधी होतं तसंच होतं.

म्हटलं, बरं झालं बाबांनो, तुम्ही होतात. आणि वाढायला घेतलं.

ताई